शहराची भाजी कुठे पिकणार?

१९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डिक्सन डेस्पोमिये या प्राध्यापकांच्या वर्गात एक हिशेब मांडला गेला. मॅनहॅटनच्या सगळ्या गच्च्यांवर शेती केली, तर तिथल्या किती लोकांचं पोट भरेल? उत्तर आलं, जेमतेम दोन टक्के. मग गच्ची सोडून इमारतीच्या आतले मजलेच का वापरू नयेत, या विचारातून 'उभी शेती' पुढे आली. २०१० साली डेस्पोमियेंचं 'द व्हर्टिकल फार्म' हे पुस्तक निघालं आणि पुढची दहा वर्षं ही कल्पना गुंतवणूकदारांच्या डोक्यात भिनली. माती नको, पाऊस नको, कीड नको. बंद गोदामात एकावर एक रचलेले ट्रे, एलईडीचा जांभळा उजेड, मुळांना फिरतं पाणी. शहराचं अन्न शहरातच पिकणार, असं सांगितलं जाऊ लागलं.

आज त्या पिढीतल्या बड्या कंपन्यांचं काय झालं? न्यू जर्सीच्या एअरोफार्म्सनं जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बर्लिनहून जगभर पसरलेली इनफार्म त्याच वर्षी कोसळली. बोअरी फार्मिंगचं बाजारमूल्य २०२१ मध्ये दोन अब्ज डॉलरच्या वर सांगितलं जात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिनं दारं बंद केली. मार्च २०२५ मध्ये प्लेंटीही दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. तंत्र फसलं असं म्हणता येणार नाही, कारण लेट्यूस उगवत होतं आणि चांगलं उगवत होतं. फसला तो हिशेब.

तो हिशेब कुणालाही करता येईल इतका साधा आहे. बंदिस्त शेती करणाऱ्यांच्या २०२१ मधल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत उभ्या शेतीत एक किलो मालामागे सरासरी सुमारे ३९ युनिट वीज लागते असं दिसलं. हरितगृहात हाच आकडा साडेपाचच्या आसपास होता. आपल्याकडे युनिटला दहा रुपये धरले, तर किलोमागे नुसत्या विजेचेच ३९० रुपये झाले. त्यात भाडं, मजुरी, बी, पॅकिंग, व्याज मिळवा. एवढं करून हाती येतं ते पाणीच जास्त असलेलं पान. गहू, तांदूळ, डाळ या रीतीनं पिकवण्याचा विचारही करवत नाही. पाण्याची बचत खरी आहे, औषधफवारणी टळते हेही खरं. पण उन्हासाठी बिल भरायचं ठरवलं की मग त्या बिलात बसतील तीच पिकं उरतात: मायक्रोग्रीन्स, बेसिल, रोपवाटिकेतली रोपं, फार तर पंचतारांकित हॉटेलांची सॅलडची पानं. पुण्या-मुंबईच्या आसपास हायड्रोपोनिक्स करणारे जे टिकले आहेत, ते बहुतेक याच गिऱ्हाइकाला धरून आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त त्याला शहराची अन्नसुरक्षा म्हणू नये.

सरकारच पाठीशी उभं राहिलं तर चित्र बदलतं का, हे पाहायला सिंगापूरइतकं चांगलं उदाहरण नाही. तिथे शेतीला उरलेली जमीन एक टक्क्याच्या आसपास, आणि अन्नाचा नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा बाहेरून येतो. २०१९ मध्ये सरकारनं जाहीर केलं की २०३० पर्यंत पोषणाची ३० टक्के गरज देशातच भागवायची. अनुदानं आली. सरकारी वसाहतींच्या बहुमजली वाहनतळांच्या गच्च्या शेतीसाठी भाड्यानं निघाल्या. शिस्त, पैसा, तंत्रज्ञ, सगळं हाताशी होतं. तरीही देशी भाजीचा वाटा घसरत सुमारे तीन टक्क्यांवर आला आणि २०२५ च्या अखेरीस सरकारनं ते उद्दिष्ट सोडून दिलं. त्याजागी २०३५ साठी नवी, विषयवार उद्दिष्टं आली: अंडी-मासे वेगळे, भाजी-अळंबी वेगळी. अंड्यांचं मात्र बरं चाललं आहे. देशाच्या गरजेच्या सुमारे एक तृतीयांश अंडी तिथेच निघतात. वीज महाग, मजूर महाग, आणि गिऱ्हाईक मलेशियाची स्वस्त भाजी सोडायला तयार नाही, अशी कारणं सांगितली जातात. ती बरोबरच आहेत. पण एक गोष्ट कमी बोलली जाते. लिम चू कांग भागात जमिनीवर शेती करणाऱ्या ६२ जुन्या शेतांचे भाडेपट्टे संपवून ती जागा लष्कराच्या सरावाला द्यायचं याच सरकारनं २०१४ मध्ये ठरवलं होतं. ज्यांना पिकवायचं कसब होतं त्यांना उठवायचं आणि ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांना गच्चीवर बसवायचं, असा तो उलटा क्रम झाला.

आता नेमकं दुसऱ्या टोकाचं शहर: क्यूबाची राजधानी हवाना. १९९० च्या सुमाराला सोव्हिएत संघ विस्कटला आणि क्यूबाला मिळणारं स्वस्त तेल, खत, कीटकनाशक, धान्य एकदमच आटलं. ट्रॅक्टर उभे राहिले. गावात माल पिकला तरी हवानापर्यंत आणायला डिझेल नव्हतं. लोकांनी पडीक भूखंडांवर, पाडलेल्या घरांच्या जागांवर, क्रीडांगणांच्या कडेला भाजी लावली. सुरुवातीला ही पोटासाठीची धडपड होती, धोरण नव्हतं. धोरण मागून आलं, आणि ते कसं आलं हे या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

सरकारनं तीन गोष्टी केल्या. रिकामी जमीन कसणाऱ्याला फुकट, वहिवाटीच्या हक्कानं दिली. मालकी सरकारची, पण कसताय तोवर तुमची. १९९४ पासून शेतमाल थेट लोकांना विकायची मुभा दिली, म्हणजे वाफ्याच्या कडेलाच फळी टाकून भाजी विकता येऊ लागली. आणि वस्तीपातळीवर सल्ला देणारी माणसं व बियाणं-खताची छोटी दुकानं उभी केली. शहराच्या हद्दीत रासायनिक कीटकनाशकांना बंदी होती. ती आदर्शवादापेक्षा गरजेतून आली होती, कारण कीटकनाशकं होतीच कुठे! पिकवण्याची जी पद्धत रुजली तिचं नाव 'ऑर्गनोपोनिको': काँक्रीटच्या किंवा दगडाच्या कडा बांधून केलेले उंच वाफे, त्यांत कंपोस्ट आणि माती. यातले काही वाफे म्हणजे हायड्रोपोनिक्सच्या जुन्या टाक्या. आयात होणारी पोषकद्रव्यं बंद झाल्यावर त्यांत खत-माती भरली गेली. अत्याधुनिक यंत्रणेतून माती काढून टाकण्याचा जगाचा प्रवास तिथे उलट्या दिशेनं झाला. हवानाच्या पूर्वेकडची आलामार इथली सहकारी शेती १९९७ मध्ये मोजक्या माणसांनी सुरू केली, ती वाढत सुमारे अकरा हेक्टरची झाली.

क्यूबाची ही गोष्ट आपल्याकडच्या पर्यावरणवादी लेखांमध्ये फार गोड करून सांगितली जाते. तिथे आजही धान्य, तेल, दूध, कोंबडी यांसाठी मोठ्या प्रमाणात आयातीवरच भिस्त आहे, आणि लोक रांगांत उभे आहेत. शहरातल्या वाफ्यांनी भाजी दिली, तीही ताजी आणि पायी जाता येईल अशा अंतरावर. भात दिला नाही. शहरी शेतीकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे हवानानं इतकं स्पष्ट दाखवलं आहे की बाकीचे अहवाल वाचायची गरज पडू नये.

अर्जेंटिनातल्या रोसारिओनं हाच धडा लोकशाही चौकटीत गिरवला. २००१ च्या आर्थिक संकटात कारखाने बंद पडले, शहरातली निम्म्याहून जास्त माणसं दारिद्र्यरेषेखाली गेली. २००२ मध्ये नगरपालिकेनं शहरी शेतीचा कार्यक्रम काढला: आधी शहरातल्या रिकाम्या जागांची यादी, मग त्यांवर कसायचा तात्पुरता पण लेखी हक्क, आणि विक्रीसाठी शहरातल्या चौकांत कायमच्या जागा. संकट ओसरल्यावर असे कार्यक्रम सहसा गुंडाळले जातात. रोसारिओनं शेतीच्या जागा शहराच्या जमीनवापर आराखड्यातच घातल्या. शहरात सुमारे ७५ हेक्टर आणि भोवतालच्या पट्ट्यात ७०० हेक्टरांहून अधिक जमीन शेतीसाठी राखली गेली. २०२१ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा शहरांसाठीचा पुरस्कार या कामाला मिळाला.

आपल्या देशात याहून मोठं उदाहरण शंभर वर्षं चालू आहे, आणि त्याला कुणी 'नावीन्यपूर्ण' म्हणत नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ पट्टा आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांनी तिथे जातं, 'भेडी' म्हणतात त्या उथळ तळ्यांत काही दिवस साठतं. उन्हानं आणि शेवाळानं त्यातली घाण कुजून-विरून जाते. शेवाळ मासे खातात. निथळलेलं पाणी भाताला आणि भाजीला जातं. शहराच्या कचऱ्यावर धापा भागात फ्लॉवर-कोबी पिकतात. म्हणजे मैलाशुद्धीकरण, मासळी, भाजी आणि पूरनियंत्रण एकाच जागी, तेही मच्छीमारांच्या पिढीजात अंदाजावर: पाणी कधी घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, मासे कधी सोडायचे. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं ऐंशीच्या दशकापासून ही व्यवस्था अभ्यासली, नकाशे केले, तिच्यासाठी भांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं बांधकामाला चाप लावला, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, २००६ मध्ये राज्यानं स्वतंत्र कायदा केला. तरीही भराव पडत राहतात, तळी आक्रसत राहतात. जगात मान्यता मिळालेल्या गोष्टीची ही स्थिती असेल, तर बाकीच्यांचं काय सांगावं!

दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानातली भाजी पाहा. राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०१५ मध्ये तिथे खाद्यपिकं घ्यायला मनाई केली. कारण पटण्यासारखं होतं: पाणी आणि गाळ दूषित, त्यातून जड धातू भाजीत. पण नदीत विष सोडणारे जागच्या जागी राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या टरबूज-काकडी लावणाऱ्यांचे वाफे बुलडोझरखाली गेले. भाजी थांबली का? पूर्णपणे नाही. ती चोरून होऊ लागली, म्हणजे तपासणीच्या आणखी बाहेर गेली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्येच या कोंडीतून वाट दाखवली होती. सांडपाण्यावरची शेती एका फटक्यात शुद्ध करता येत नसेल, तर वाटेत एकेक अडसर उभे करा: पाणी आधी साठवून निवळू द्या, पानांवर न ओतता मुळाशी सोडा, काढणीच्या आधी काही दिवस पाणी तोडा, बाजारात स्वच्छ पाण्यानं धुवा, घरी पुन्हा धुवा. रोगजंतूंसाठी हे उपाय चालतात. कारखान्यांच्या रसायनांसाठी चालत नाहीत. तिथे नाल्याच्या तोंडाशीच बंदोबस्त हवा. हा फरक आपल्याकडच्या चर्चेत कायम हरवतो.

मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला होणारा पालक, माठ, अळू, मुळा हा त्याचा रोजचा नमुना. 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रेल्वे कर्मचाऱ्यांना या पट्ट्या दिल्या गेल्या. हेतू दुहेरी: जमिनीवर अतिक्रमण होऊ नये आणि भाजीही मिळावी. कसतात मात्र बहुधा परप्रांतातून आलेले मजूर, कागदावर ज्यांचं नावही नसतं. पाणी जवळच्या नाल्याचं. वर्तमानपत्रांत दर काही वर्षांनी 'गटारातली भाजी' असा मथळा येतो, लोक नाक मुरडतात, आणि संध्याकाळी दादरच्या पुलाखाली जुडी घेतात. या पट्ट्या बंद कराव्यात हे म्हणणं सोपं आहे. त्यांना शुद्ध केलेलं पाणी द्यावं आणि कसणाऱ्याच्या नावावर पट्टी करावी, हे कुणी म्हणत नाही, कारण मग जबाबदारी घ्यावी लागेल.

गच्चीवरच्या शेतीचं मात्र महाराष्ट्रात स्वतःचं घराणं आहे. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पुस्तकी शिक्का नसलेल्या शेतकऱ्यांनी आपापल्या मळ्यात प्रयोग करायचे आणि पत्रांतून एकमेकांना कळवायचे, असं ते जाळं होतं. तासगावच्या द्राक्षबागांवर त्याचा ठसा आहे. दाभोळकरांचा सगळा भर एकाच गोष्टीवर: एका चौरस फुटावर किती ऊन पडतं आणि त्यातलं किती पानं पकडतात. ऊन हेच भांडवल. डेस्पोमियेंच्या वारसदारांनी जे भांडवल विकत घ्यायचं ठरवलं, ते दाभोळकरांनी गच्चीवर फुकट पडताना पाहिलं. पालापाचोळा, उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून माती करायची, जुन्या पिंपात नाहीतर विटांच्या आळ्यात भरायची, अशी ही पद्धत मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी पुढे नेली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी उपाहारगृहाच्या कचऱ्यातून बाग उभी केली, आणि त्यातून 'अर्बन लीव्ह्ज' हा गट निघाला.

या पद्धतीचं महत्त्व अलीकडे एका अनपेक्षित दिशेनं पुढे आलं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या ७३ शहरी शेतबागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष बोचरा होता: नेहमीच्या शेतीच्या तुलनेत शहरी भाजीचं कार्बन उत्सर्जन सरासरी सहा पट. खापर मुख्यतः वाफ्यांच्या कडा, छपऱ्या, पाइप, नवं लाकूड, नवं काँक्रीट यांवर फुटतं. थोडी वर्षं वापरून बाग मोडली, की तो सगळा भार थोड्याशा टोमॅटोंवर पडतो. जिथे जुनंपानं सामान वापरलं आणि बाग वर्षानुवर्षं टिकली, तिथे हिशेब सुधारतो. चिपाडं आणि गंजकं पिंप यांची थट्टा करणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. सरकारी योजनाही वाचाव्यात त्याच डोळ्यानं: तमिळनाडूनं चेन्नई-कोइम्बतूरमध्ये, बिहारनं पाटण्यात गच्चीसाठी सवलतीत संच वाटले. संच वाटणं सोपं असतं, पण तिसऱ्या वर्षी त्यात काय उगवलंय याची मोजणी कुठल्याच योजनेत नसते.

तरी गच्ची ही शहराच्या भाजीतली चिमूटच. खरी भाजी येते ती शहराच्या कडेवरून, आणि कड हलते आहे. २०१७ च्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की २०३० पर्यंत शहरं ज्या शेतजमिनी गिळतील, त्या जगाच्या सरासरीपेक्षा १.७७ पट अधिक पिकाऊ असतील, आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के आशिया-आफ्रिकेतल्या. साहजिकच आहे, शहरं वसली तीच नद्यांच्या काठी, काळ्या मातीत. वसईचं उदाहरण समोर आहे. केळी, पानवेली, भाजी, मोगरा. पहाटेच्या लोकलनं टोपल्या मुंबईला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती लढली. धर्मगुरू आणि मराठी लेखक असलेल्या दिब्रिटोंना पुढे साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम हेच. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तीत ५३ गावं घातली गेली आणि गावांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. २९ गावं वगळण्याचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला. महापालिका नको म्हणणारे लोक मागासलेले, अशी तेव्हा टिंगल झाली. पण त्यांना कळत होतं ते एवढंच, की महापालिका आली की वाडीचा भाव चढतो आणि वाडी जाते.

पुण्यात याच प्रश्नाची पाण्याची बाजू दिसते. खडकवासल्याचं पाणी शहर जास्त जास्त पिऊ लागलं, तसं हवेली-दौंडच्या शेतीचं कमी झालं. तडजोड म्हणून मुंढव्याला जॅकवेल बांधली गेली: शहरानं वापरलेलं पाणी शुद्ध करून वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) बेबी कालव्यात, म्हणजे जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडायचं. कल्पना म्हणून ही देशातल्या उत्तम योजनांपैकी एक. प्रत्यक्षात येणारं पाणी पुरतं शुद्ध नसतं, अशी खालच्या गावांची जुनी तक्रार आहे. विहिरी बिघडल्या, जमीन खारावते आहे, असं शेतकरी सांगतात. शहर पाण्याचं प्रमाण मोजून दाखवतं, गाव पाण्याचा रंग दाखवतं. दर आठवड्याच्या तपासणीचे आकडे कालव्याकाठच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले असते, तर अर्धं भांडण मिटलं असतं.

बाजाराच्या बाबतीत महाराष्ट्रानं, उशिरा का होईना, बरं पाऊल टाकलं. शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. जुलै २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून बाहेर काढल्या गेल्या. क्यूबानं जे बावीस वर्षं आधी केलं, तेच. पण आठवडे बाजाराला जागा देणं हे अजून नगरसेवकाच्या मर्जीवर आणि सोसायटीच्या वाहनतळावर चालतं.

मग जमीन, पाणी, बाजार या सगळ्याचा कारभार कुणी पाहायचा? टोरांटोनं १९९१ मध्येच शहराची अन्नधोरण परिषद नेमली. शहरांच्या अन्नधोरणाबाबतच्या २०१५ च्या मिलान करारावर सुरुवातीलाच शंभरावर शहरांनी सह्या केल्या. आपल्या पालिकेत मंडई एका खात्याकडे, ओला कचरा दुसऱ्याकडे, सांडपाणी तिसऱ्याकडे, बागा चौथ्याकडे. शेती तर महसूल आणि कृषी खात्याची, म्हणजे पालिकेची नाहीच. रुळाकाठी पालक लावणाऱ्यानं अर्ज द्यायचा तर कुठल्या टेबलावर, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्याला मालमत्ता करात सवलत देते. पण ते खत जायचं कुठे, हे विचारणारं कुणी नाही.

माझं मत सरळ आहे. सार्वजनिक पैसा एलईडीच्या मजल्यांवर घालू नये. ज्याला धंदा म्हणून करायचं त्यानं स्वतःच्या जोखमीवर करावं. पालिकेनं आधी शहराच्या कडेची कसती जमीन आराखड्यात शेतीसाठी राखावी, मग तिला तपासलेलं पाणी द्यावं, मग विकायला ओटा द्यावा. गच्च्या, कुंड्या, हायड्रोपोनिक्स हे सगळं त्यानंतर. हवाना, रोसारिओ आणि कोलकाता जे काही टिकवू शकले त्याच्या मुळाशी आधी जमीनच होती.

राखीव जमिनीची ही लढाई वाचकालाही लढता येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, की ठरावीक मुदतीत कुणीही नागरिक लेखी हरकती-सूचना देऊ शकतो. बहुतेक हरकती आपापल्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असतात. तुमच्या शहराचा आराखडा पुढच्या वेळी आला, तर ज्या मळ्यांतून तुमची भाजी येते त्यांचे गट क्रमांक शोधा आणि ती जमीन शेतीसाठीच राहावी, अशी एक हरकत नक्की नोंदवा.